बिबट्याचा डावा सुळा

माझे दाजी दात करतात. दंतवैद्य नव्हेत, दंतवैद्य दात काढतात, दाजी करतात. शहरातले बारा-चौदा दंतवैद्य रुग्णाच्या जबड्याचं माप घेऊन त्यांच्याकडे पाठवतात आणि दाजी मेण, प्लास्टर, धातू असं काय काय वापरून हवा तो दात, दाढ किंवा अख्खी कवळी घडवून देतात. शिंप्याच्या दुकानावर त्यांची दोन खोल्यांची लॅब आहे. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. नवखा माणूस आत आला की त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं आणि सगळे हसताहेत.

या धंद्याची गंमत अशी की काम जितकं चांगलं, तितकं ते दिसत नाही. दात जमला तर लोक म्हणतात, "तुमचे दात किती छान आहेत हो!" हे कौतुक गिऱ्हाइकाच्या पदरात. दात फसला तर म्हणतात, "कवळी आहे वाटतं." हे दाजींच्या पदरात. तीस वर्षं असं पडद्याआड काम करूनही त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रारीचं खातं माझ्या ताईकडे आहे. ती शाळेत खेळाची शिक्षिका. गळ्यातली शिट्टी घरीही गळ्यातच असते, आणि मीठ मागितलं तरी आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचतो.

पन्नाशी उलटली तसे दाजींचे डोळे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, "दिवसभर वीतभर अंतरावर बघता. रोज अर्धा तास लांबचं बघत जा." दाजी आज्ञाधारक माणूस. संध्याकाळी गच्चीवर जाऊन लांबचं शोधायला लागले. समोर इमारत, मागे इमारत, दोन्ही बाजूंना इमारती. लांबचं असं एकच होतं, वर, विमान. विमानतळाकडे उतरणारी विमानं त्यांच्या गच्चीवरूनच जातात. आठवडाभर त्यांनी नुसती बघितली. मग ताईच्या शाळेतला जुना कॅमेरा आणून एकाचा फोटो काढला. पंखाखालचा आकडा वाचता येत होता. दाजींना इतका आनंद झाला की त्यांनी तो फोटो मलाही पाठवला आणि त्यांच्या दंतवैद्यांनाही. त्यातल्या एकाने त्यांना फोटो काढणाऱ्यांच्या मोबाईलवरच्या गटात ओढलं.

गटाचं नाव 'क्षणवेध अधिकृत'. अधिकृत अशासाठी, की नुसता 'क्षणवेध' नावाचा गट आधी होता आणि तो भांडणातून फुटला होता. भांडण कशावरून, तर उडत्या पक्ष्याच्या पंखाचं टोक फोटोबाहेर गेलं तर चालतं की नाही, यावरून. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या लग्नकार्यांना जायची बंद झाली होती.

अधिकृत गटात तीनशे माणसं होती. त्यात विमानवाले, खेळवाले आणि प्राणीवाले असे तीन पंथ. विमानवाले विमानतळाच्या भिंतीबाहेर एका ढिगाऱ्यावर उभे राहत आणि प्रत्येक विमानाचा नोंदणी क्रमांक लिहून घेत. प्राणीवाल्यांना ते हलकं समजत, कारण पक्ष्याला नोंदणी क्रमांक नसतो. खेळवाले मैदानाच्या कडेला पोटावर झोपत. आणि प्राणीवाले दोघांनाही माफ करत, कारण आपण निसर्गाजवळ गेल्याने मोठ्या मनाचे झालो आहोत, असं त्यांचं मत होतं.

माणसाला मात्र सगळे त्याच्या लेन्सच्या लांबीवरून ओळखत. फरशांचं दुकान असलेल्या एका गृहस्थांकडे सहाशे मिलिमीटरची लेन्स होती, म्हणून त्यांचं नाव 'सहाशे'. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाच माहीत असावं. दाजी आले तेव्हा शाळेच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवरून ते 'पंचावन्न' झाले. बरेच दिवस त्यांना वाटत होतं, लोक आपलं वय तीन वर्षांनी वाढवून सांगताहेत.

गटाचे प्रमुख होते साहेब. टेलिफोन खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, अंगात बारा खिशांचं जाकीट, आणि आवाज असा की पलीकडे फोन धरून कुणीतरी उभं आहे. त्यांनी अकरा नियम केले होते. नियम चार: पिंजऱ्यातल्या प्राण्यांचे फोटो टाकू नयेत. नियम सात: दुसऱ्याच्या फोटोवर नुसतं 'सुंदर' लिहू नये, तांत्रिक कारण द्यावं. त्यामुळे कुणी माकडाचा फोटो टाकला की खाली लगेच येई, "मागची धूसरता लोण्यासारखी." शनिवार सामानाचा वार. त्या दिवशी आपापल्या कॅमेऱ्यांचे, लेन्सांचे, पिशव्यांचे फोटो टाकायचे. गटात सगळ्यात जास्त वाहवा याच फोटोंना मिळे. लेन्सच्या फोटोला दोनशे अंगठे आणि त्याच लेन्समधून काढलेल्या हरणाला अकरा.

दाजींबरोबर एकदा मीही तळ्यावर गेलो होतो, तिवई धरायला. पहाटे सतरा माणसं एका ओळीत बसली होती, गुडघ्यांवर तोफांसारख्या लेन्स. सतराही लेन्स एकाच कोरड्या फांदीवर रोखलेल्या. ती फांदी सहाशेंनी आदल्या दिवशी स्वतः आणून पाण्यात रोवली होती. दोन तासांनी खंड्या आला, फांदीवर बसला, आणि सतरा कॅमेऱ्यांचा असा कडकडाट झाला की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटलं. खंड्या उडून गेला. दुपारी गटावर तोच खंड्या, त्याच फांदीवर, त्याच बाजूने सतरा वेळा आला. प्रत्येकाने बाकीच्या सोळांना लिहिलं, "वेगळी दृष्टी!"

दाजी त्यात रमले. जुनी का होईना, दीडशे ते सहाशे जाणारी एक लेन्स त्यांनी घेतली. किंमत ताईला आजतागायत कळलेली नाही, म्हणून मीही लिहीत नाही. दाजींना वाटलं, आता आपल्याला बढती मिळेल. सहाशेंनी ती लेन्स हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाले, "छान आहे. पण झूम करून झालेलं सहाशे वेगळं आणि मूळचं सहाशे वेगळं." दाजी पंचावन्नच राहिले.

वार्षिक प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी साहेबांनी गटावर बिबट्या टाकला.

फोटो खरोखर जबरदस्त होता. काळोखी पार्श्वभूमी, कुठेही पान नाही, काडी नाही. त्यातून बाहेर आलेला बिबट्याचा चेहरा, जबडा पूर्ण उघडा, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. वरच्या डाव्या सुळ्यावर एक लखलखीत चमक. खाली साहेबांनी लिहिलं होतं: "अकरा दिवसांची तपश्चर्या. एका दगडावर. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मध्ये फक्त अरण्य होतं."

गट वेडा झाला. "तपश्चर्येला दंडवत!" "साहेब, मिश्या!" सगळ्यात जास्त बोलणं झालं ते सुळ्यावर. सहाशेंनी लिहिलं, "दातावर पडलेला तो उजेड बघा. असा उजेड नशिबाने मिळत नाही, साधनेने मिळतो." प्रदर्शनाच्या निवड समितीने त्याच दिवशी तो वर्षातला सर्वोत्तम फोटो म्हणून जाहीर केला. समितीत तीन जण होते आणि त्यांचे अध्यक्ष साहेब होते.

त्या रविवारी दुपारी मी ताईकडे जेवायला होतो. दाजी मोबाईलवर तो फोटो मोठा करून बघत होते. मोठा केला, आणखी मोठा केला. मग त्यांचा घास हातातच राहिला.

"काय झालं?" ताईने मैदानी आवाजात विचारलं.

"हा माझा आहे."

"फोटो?"

"दात."

दाजी हात धुऊन तडक लॅबवर गेले, मागोमाग मी. त्यांनी कामांची नोंदवही काढली, दोन वर्षं मागची पानं चाळली आणि बोट ठेवलं. नोंद अशी: "रुग्ण: बिबट्या, मादी. वय चौदा. वरचा डावा सुळा, धातूची टोपी. पाठवणारे: प्राणिसंग्रहालयाचे डॉक्टर." म्हाताऱ्या बिबटीने खेळताना लोखंडी दारावर दात आपटून सुळा मोडून घेतला होता. तिथल्या डॉक्टरांनी तिला भूल देऊन माप घेतलं आणि ते दाजींकडे आलं. माणसाच्या दहा दाढांना लागेल एवढं मेण त्या एका दाताला लागलं होतं. दाजींनी फळीवरून प्लास्टरचा साचा उतरवला आणि मोबाईल शेजारी धरला. टोपीच्या कडेला नखाएवढी एक चंद्राकार खाच होती, हिरडीला घासू नये म्हणून त्यांनीच ठेवलेली. फोटोतही ती तिथेच होती.

"म्हणजे तो उजेड साधनेचा नव्हे," मी म्हटलं.

"पॉलिशचा," दाजी म्हणाले. "तीन तास पॉलिश केलं होतं. म्हटलं, कोण बघणार आहे, पण केलं."

मला वाटलं होतं, ते चिडतील. पण त्यांचा चेहरा वेगळंच सांगत होता. तीस वर्षांत पहिल्यांदा तीनशे माणसांनी त्यांच्या दाताला 'वा' म्हटलं होतं, आणि ते स्वीकारायचं तर साहेबांचं पितळ उघडं पाडावं लागणार होतं. ताईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "त्यात अडचण काय? पाडा की!" दाजी म्हणाले, "आधी खात्री करतो." नोंदवही, साचा आणि खाच एवढं सगळं बघून झाल्यावर कसली खात्री, असं मी विचारलं नाही. त्यांना फक्त आपला दात बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी लॅब बंद ठेवून दाजी प्राणिसंग्रहालयात गेले. बिबटी झोपली होती. चार तास झोपूनच होती. पिंजऱ्याची देखभाल करणारा माणूस बादली घेऊन आला आणि दाजींच्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही पण त्यांच्यातलेच का?"

"कुणाच्यातले?"

"एक साहेब येतात. गुडघ्याला पट्टा असतो, घडीची खुर्ची आणतात. लेन्स अगदी जाळीला चिकटवून बसतात, म्हणजे जाळी दिसत नाही म्हणे. आमची म्हातारी जांभई देते ना, तेवढ्यासाठी. मागे सलग अकरा दिवस आले होते."

"दगडावर बसले होते?"

"दगड कुठला? त्यांना खाली बसताच येत नाही."

चारच्या सुमाराला म्हातारीने जांभई दिली. दाजींनी एकच फोटो काढला. त्यात जाळीची एक तार आली होती आणि कोपऱ्यात खाण्याचं पातेलं. पण सुळा लखलखत होता.

घरी येऊन त्यांनी तो फोटो गटावर टाकला. खाली खरं तेच लिहिलं: "प्राणिसंग्रहालय. जाळीतून." दाताबद्दल अवाक्षर नाही. त्यांना वाटलं, दोन फोटो समोर आल्यावर कुणाच्या तरी लक्षात येईल. तेच ठिपके, तोच कान, तोच सुळा. आपल्याला काही बोलावंच लागणार नाही.

तीनशे माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. पहिला शेरा सहाशेंचा होता: "दातावरचा उजेड जळला आहे. साहेबांच्या फोटोत बघा, तिथे कसा खुलला आहे. अभ्यास करा." दुसऱ्याने लिहिलं, "पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या डोळ्यांत ती आग नसते." तिसऱ्याने विचारलं, लेन्स झूमची आहे का. आणि मग खुद्द साहेबांचा निरोप आला: "नियम चार. कृपया फोटो काढून टाकावा."

दाजींची दातखीळ बसली. ताईने मोबाईल हिसकावून घेतला, पण तिला गटात लिहिता येईना, कारण तोवर दाजींना सात दिवसांसाठी गप्प बसवण्यात आलं होतं.

दोन दिवसांनी सकाळी साहेब लॅबच्या जिन्यावर आले. मी तिथेच होतो; एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला धरून ते वर आले, ते मी ऐकलं आणि मग पाहिलं. जाकीट नव्हतं. जाकिटाशिवाय ते बरेच लहान दिसत होते. स्टुलावर टेकून त्यांनी भोवतालच्या जबड्यांकडे पाहिलं.

"तुम्हाला कळलंय," ते म्हणाले. "नाहीतर तोच प्राणी तुम्ही टाकला नसता. कशावरून ओळखलंत? ठिपके?"

दाजींनी फळीवरून साचा काढून त्यांच्या हातात दिला. साहेब तो बराच वेळ फिरवून बघत होते.

"हा तुम्ही केलात?"

"हो."

"मला वाटलं, उजेड आहे," साहेब म्हणाले. मला अजूनही वाटतं, ते खरं बोलत होते. आपल्याच फोटोतला दात खोटा आहे, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. चार वर्षं झाली, जंगलात जाऊन. गुडघे गेले. जीपमध्ये चढता येत नाही. गटात सांगितलं तर लोक सहानुभूती दाखवतील, आणि आठवड्याने सहाशे प्रमुख होतील. "अकरा दिवस मात्र खोटे नाहीत हो," ते म्हणाले. "रोज गेलो. ऊन डोक्यावर यायचं. फक्त दगड खोटा."

"आणि अरण्य," दाजी म्हणाले.

"अरण्य पण," साहेबांनी मान्य केलं. "तुम्ही सांगणार आहात?"

दाजी कापसाने एक दाढ पुसत होते. ती पुसून झाल्यावर म्हणाले, "मला फोटोबद्दल काही म्हणायचं नाही. फोटो चांगला आहे. पण लोक माझ्या दाताला उजेड म्हणताहेत. ते मला सहन होत नाही."

साहेब हसले. ते हसल्यावर दाजी पुढे वाकून म्हणाले, "खालची कवळी कुणी केली? सैल आहे." त्यानंतर वीस मिनिटं दोघं फक्त त्याबद्दल बोलले.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. उद्घाटनाच्या दिवशी साहेबांनी बिबट्याखालची पाटी स्वतःच्या हाताने बदलली. नवी पाटी अशी होती: "प्राणिसंग्रहालयातली बिबट्याची मादी, जांभई देताना. लेन्स जुनी, दोनशेची. वरचा डावा सुळा कृत्रिम." त्याखाली दाजींचं नाव आणि लॅबचा पत्ता.

मला वाटलं, आता खोटेपणावरून रणकंदन होणार. रणकंदन झालं, पण वेगळ्याच मुद्द्यावर. सहाशे पाटीसमोर उभे राहून पुन्हा पुन्हा वाचत होते. शेवटी म्हणाले, "दोनशे? दोनशेमध्ये मिश्या एवढ्या धारदार?" त्यांचा चेहरा, आपलं आयुष्य फुकट गेलं असं कळलेल्या माणसासारखा झाला होता. आठवडाभरात गटातल्या चाळीस जणांनी ती जुनी दोनशेची लेन्स शोधून काढली आणि शनिवारी तिचे चाळीस फोटो आले. दगड आणि अरण्य यांबद्दल कुणीच काही विचारलं नाही. बक्षीस काढून खंड्याला देण्यात आलं. सतरांपैकी कोणत्या, यावर समितीच्या तीन बैठका झाल्या.

प्रदर्शनाला आलेली साधी माणसं मात्र बिबट्यापाशीच थांबत होती. "दात खोटा? कुठला? हा? काय सांगता!" दाजी शेजारी उभे राहून प्रत्येकाला समजावत होते, भूल कशी देतात, माप कसं घेतात, पॉलिश कसं करतात. पाच तास उभे होते. ताई म्हणाली, लग्नात स्वागताला उभे होते तेव्हाही एवढे खुलले नव्हते.

पुढे साहेबांनी प्रमुखपद सोडलं. सहाशे प्रमुख झाले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी नियम बारा घातला: "प्राण्याच्या शरीरात कृत्रिम अवयव असल्यास फोटोखाली तसे नमूद करावे." आता गटात चिमणीचा फोटो आला तरी खाली लिहिलेलं असतं, "सर्व अवयव मूळचे."

दाजींनी मात्र एक नवीन खूळ डोक्यात घेतलं. आपण केलेल्या दातांचे फोटो काढायचे, माणसांच्या तोंडातले, हसताना. गटाने नकार दिला. हे ना विमान, ना खेळ, ना वन्यप्राणी. गिऱ्हाइकांनी तर त्याहून ठाम नकार दिला. कवळी आहे हे लपवायलाच तर ती करून घेतलेली. दोन महिने त्यांना एकही माणूस मिळाला नाही.

अखेर प्रदर्शन बघायला आलेल्या एक आजी तयार झाल्या. आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीवर शिक्के मारलेल्या, आणि आता दाजींनी केलेल्या अख्ख्या वरच्या-खालच्या कवळीच्या मालकीण. "मला कशाची लाज?" त्या म्हणाल्या. "चांगली कवळी आहे. सुपारी फुटते." लॅबच्या खिडकीपाशी, उजेडात, दाजींनी त्यांना बसवलं. मी बाजूला पांढरा कागद धरून उभा होतो. आजी मन भरून हसल्या आणि दाजींनी ओळीने साठ फोटो काढले.

नंतर आम्ही ते मोठ्या पडद्यावर पाहिले. प्रत्येक फोटोत आजींच्या नाकाचा शेंडा अगदी स्वच्छ आला होता आणि त्याच्या खाली जे काही होतं ते सगळं लोण्यासारखं धूसर. आजींनी त्यातला एक निवडला आणि घरी लावायला मागून घेतला. म्हणाल्या, "नाक फार वर्षांनी चांगलं आलंय."